‘नमुना ठेवून जा’ म्हणणाऱ्याकडे जाण्याआधी

तुझ्या पोस्टमधल्या एका वाक्याशी मी अडकले. एमआयडीसीतला फॅब्रिकेटर म्हणतोय, "नमुना ठेवून जा, बघतो." सात वर्षांपूर्वी, शेवटच्याच वर्षाला, इंडस्ट्रियल डिझाइनच्याच प्रोजेक्टसाठी हेच चार शब्द मी ऐकलेत. तुझं मागावरच्या विणकरासाठी स्टूल आहे, माझी बिडी वळणाऱ्या बायकांसाठी बसायची बैठक होती. आणि वीस दिवसांनी कॉलेजचं प्रदर्शन आहे असंही तू लिहिलंयस, म्हणून नमुना किंवा फोटो बाहेर जाण्याआधी डिझाइनची नोंदणी का करावी, ते घाईने लिहितेय. रिसर्च, स्केच, मॉडेल यावर काही सांगत नाही, ते तुला येत असणारच.

आधीच सांगते, मी वकील नाही. फक्त पोळलेली आहे.

माझी बैठक कशी झाली ते थोडक्यात. सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या शेजारी एक अक्का राहायच्या, आयुष्यभर बिड्या वळल्या. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीने पान कापायचं, वळायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजार बिड्यांमागे. कंबर गेलेली. मी मोठ्या उत्साहाने उंच स्टूल करून नेलं. अक्का त्यावर जेमतेम चार मिनिटं बसल्या आणि परत जमिनीवर. पाय खाली सोडले की मांडी उतरती होते आणि सूप घसरतं, एवढं साधं मला कळलं नव्हतं. मग जमिनीलगतची बैठक केली, कंबरेपाशी वाकवलेला पत्रा आणि गुडघ्याखाली आधार. ती जमली. त्यात डाव्या बाजूला एक भोक माझ्याकडून चुकीच्या जागी पडलं होतं. नवीन पत्र्याला पैसे नव्हते, तसंच ठेवलं.

आता चूक. प्रदर्शनाच्या आधी मी कॉलेजच्या एका कार्यालयात (कुठलं कॉलेज ते सांगणार नाही, विचारू नका) रीतसर विचारायला गेले की डिझाइनची नोंदणी करायची तर कोणी करायची, मी की संस्थेने? पहिल्या टेबलाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने "साहेब आले की." साहेब तिसऱ्या खेपेला भेटले. म्हणाले, "हक्कांचं प्रदर्शनानंतर बघू. आधी पोस्टर जमा करा, नाहीतर मार्क जातील." मी ऐकलं. पोस्टरवर सगळी मापं टाकली, फोटो सोशल मीडियावरच्या स्वतःच्या पानावर टाकले, वर लिहिलं "अखेर पूर्ण!" आणि त्याच आठवड्यात नमुना त्या फॅब्रिकेटरकडे ठेवून आले.

दिवाळीत घरी आले तर सोलापूरजवळच्या कुंभारीतल्या बिडी कामगारांच्या वसाहतीत दोन घरांत माझी बैठक. टेम्पोतून दारावर विकायला आली होती म्हणे, साडेतीनशेला. तोच वाक, तोच आधार. आणि डाव्या बाजूला तेच चुकीचं भोक! मी ते बोटाने चाचपून बघितलं. ज्या भोकाचा कशालाच उपयोग नाही ते कोणी मुद्दाम पाडत नाही.

पुण्यात डिझाइन नोंदणीची कामं करणाऱ्या एका एजंटकडे गेले. त्याने एकच विचारलं, "अर्जाच्या आधी हे कुठे प्रसिद्ध झालंय का?" मी अभिमानाने माझंच पान उघडून दाखवलं. त्याने तारखेवर बोट ठेवलं आणि फाईल मिटली.

कारण असं आहे. डिझाइन कायदा २००० नुसार अर्ज करण्यापूर्वी ते डिझाइन भारतात किंवा बाहेर कुठेही लोकांसमोर आलेलं नसावं लागतं. छापून, वापरून, कसंही. स्वतः मालकाने दाखवलं तरी गेलं. प्रदर्शनासाठी सवलत आहे, पण ती सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना, तीही आधी नोटीस देऊन आणि सहा महिन्यांत अर्ज करून. कॉलेजच्या हॉलमधली मांडणी त्यात बसेल या भरवशावर राहू नकोस. बंद खोलीतली ज्युरी, म्हणजे फक्त परीक्षकांसमोरचं सादरीकरण, वेगळं, पण तिथेही बाहेरचे पाहुणे असतील तर मी तरी जपून राहीन.

म्हणून माझं मत, कोणाला पटो न पटो, आधी अर्ज, मग पोस्टर. नोंदणी मंजूर होईपर्यंत थांबायची गरज नाही, कारण ती अर्जाच्या तारखेपासूनच धरतात. अर्ज सरकारी पेटंट कार्यालयाच्या साइटवर ऑनलाइन होतो. मी नंतर दुसऱ्या एका वस्तूसाठी केला तेव्हा एका व्यक्तीला फी १००० रुपये होती, तुझ्या पोस्टर छपाईएवढीच. आताची फी साइटवर बघून घे. एजंट मात्र त्याचे वेगळे घेतो. चित्रं तू स्वतःच काढू शकतेस: समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, वरून, खालून आणि एक तिरकं. संरक्षण १० वर्षं, पुढे ५ वाढवता येतात.

एक गोष्ट मात्र नीट समजून घे. ही नोंदणी फक्त दिसण्याची असते, आकार, घडण, नक्षी वगैरे. तुझ्या स्टूलची उंची बदलणारी जी कळ आहे, तिची हालचाल यात येत नाही. ते पेटंटचं खातं, वेगळा खर्च, वेगळी डोकेदुखी. शेवटच्या वर्षी त्यात पडू नये असं मला वाटतं, पण कळ खरोखर नवीन असेल तर एकदा जाणकाराला दाखव, आणि तेही प्रदर्शनाच्या आधीच.

फॅब्रिकेटरबद्दल. सगळे चोर नसतात, अक्कलकोट रोडला मला देवमाणसंही भेटलीत, उधारीवर पत्रा वाकवून देणारी. पण जाताना एक पानी पत्र ने: अमुक नमुना अमुक तारखेला फक्त बघण्यासाठी गोपनीय म्हणून दिला, कोणाला दाखवायचा नाही, बनवायचा नाही. खाली त्याची सही आणि शिक्का. विश्वासाने दाखवलेलं डिझाइन समोरच्याने विश्वास मोडून उघड केलं तर कायदा ते प्रसिद्ध झालं असं धरत नाही, पण विश्वासाने दिलं होतं हे सिद्ध कशाने करणार? सही द्यायला कुरकुरला तर नमुना गाडीवर बांध आणि परत ये. शक्यतो एक भाग घरीच ठेव, पूर्ण जोडलेला नमुना देऊच नकोस.

आणि प्रवेशाच्या वेळी सही केलेला फॉर्म शोधून वाच. संस्थेचे पैसे किंवा वर्कशॉप वापरलं की हक्कात संस्थेचा वाटा, असं अनेक ठिकाणी लिहिलेलं असतं. उत्तर तोंडी घेऊ नकोस, ईमेल कर. मी तीन खेपा मारल्या, माझ्याकडे पुरावा शून्य.

जाता जाता एक राग काढते. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याचा भारतातल्या डिझाइनवरचा १९५८ चा अहवाल आणि त्यातला तांब्या आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवला. पिढ्यान्‌पिढ्या घडत आलेलं, कोणा एकाचं नसलेलं डिझाइन म्हणून. छान आहे, मलाही आवडतो. पण चार वर्षांत एकदाही कोणी सांगितलं नाही की तू केलेली वस्तू तुझी कशी राहील. आमचे मामा तर अजून मी आयटीआय केलंय असंच धरून चाललेत.

अक्कांना मी मूळ नमुना नंतर देऊन टाकला. चुकीच्या भोकात त्या दोऱ्याचं रीळ अडकवतात.

प्रदर्शनाला वीस दिवस म्हणजे भरपूर वेळ आहे. तोवर पोस्टरवर आणि पानावर स्टूलचा फोटो नको, फक्त विणकराचे हात, माग वगैरे टाक. सात चित्रं काढलीस की अर्ज भरण्याआधी मला एकदा मेसेज कर, बघून देईन. पण इथे खाली चिकटवू नकोस, तीही प्रसिद्धीच होईल. पत्राचा मसुदाही माझ्याकडे आहे. रविवारी मी सोलापुरातच असते.