नाइसला 'छान' म्हणण्याआधी

प्रिय पोरी,

तुझ्या अनुवादाची अठरा पानं काल रात्री वाचून काढली. सहाव्या पानाच्या समासात तू लिहिलंयस, "सर, इथे 'छान' बसत नाहीये." बसत नाही हे कळलं होतं, मग तरी लिहिलंस कशाला?

'अ नाइस पॉइंट ऑफ लॉ'. कायद्याचा मुद्दा छान कसा असेल? तो नाजूक असतो, दोन्ही बाजूंनी कीस काढावा इतका बारीक असतो. आधी नाम बघ, मग विशेषणाला हात लाव.

या शब्दाचं मूळ लॅटिनमधलं 'नेस्किउस', म्हणजे न जाणणारा. जुन्या फ्रेंचमधून १३००च्या सुमारास तो इंग्रजीत आला, तेव्हा 'नाइस' म्हणजे मूर्ख. पुढे खाण्या-कपड्यांत फार नखरे करणाऱ्याला तो लागला, मग चोखंदळ, मग काटेकोर, सूक्ष्म. आपण सगळीकडे चिकटवतो तो 'छान' थेट अठराव्या शतकातला. आणि तो आला म्हणून जुने अर्थ मेले नाहीत. 'नाइसिटी' म्हणजे आजही बारकावाच.

पंचविशीत मी 'नाइस डिस्टिंक्शन'चं 'छान फरक' केलं होतं. अख्खा निबंध दोन जवळच्या कल्पनांमधल्या केसाएवढ्या भेदावर उभा होता, आणि त्याच जागी मी 'छान' ठेवलं. प्रुफंही मीच तपासली होती. अंक हातात आल्यावर त्या शब्दावर काट मारून पेन्सिलीने 'सूक्ष्म' लिहिलं. तो अंक अजून कपाटात आहे. पेन्सिल पुसट झालीय, छापलेलं मात्र तसंच ठळक आहे.

तेव्हापासून नाम बघितल्याशिवाय मी विशेषण उतरवत नाही. यापायी कामं गेली. एका शब्दाला दोन दिवस लावतो म्हणून मला संथ म्हणतात. लावतो दोन दिवस! ज्याचं वाक्य आहे त्याने ते विचार करून लिहिलेलं असतं, मग मी घाई का करायची?

तुझ्याकडे शब्द नाहीत असं नाही गं. घर आहे? टुमदार म्हण. अक्षर आहे? वळणदार. मुलगी आहे? मनमिळाऊ की लाघवी, ते पुढचा परिच्छेद वाचून ठरव. नाम बघ, नाम.

नवव्या पानावरची म्हातारी पाहुण्याचं सगळं ऐकून नुसतंच 'हाउ नाइस' म्हणते. तिथे नामच नाही. तिचं लक्षही नाही, ती विणतेय. तिथलं तुझं 'छान' तसंच राहू दे.

तुझे सर