बोनावियाची बाजू घेणाऱ्या नव्या सरकारी वकिलास

चि.,

'कन्फेशन्स ऑफ अ पोलीस कॅप्टन' पाहिलास आणि त्याच आठवड्यात तुझ्या खटल्यातले दोन्ही पंच फितूर झाले. मग "सर, बोनावियाचंच बरोबर होतं" असं तू लिहिणार, यात नवल ते काय!

दिग्दर्शक दामियानींचा हा १९७१ चा इटालियन चित्रपट मी चांगला ओळखतो. सिसिलीतल्या पालेर्मो शहरातला माफिया बिल्डर लोमुन्नो कायद्यानं सापडत नाही, म्हणून पोलीस अधिकारी बोनाविया त्याच्या जिवावर उठलेल्या माणसाला वेड्यांच्या इस्पितळातून सोडवतो. गोळीबार होतो, मुडदे पडतात आणि लोमुन्नो तिथं नसतोच! यावर तुझ्या पत्रात चकार शब्द नाही. त्राइनी हा तरुण सरकारी वकील मात्र तुला पुस्तकी वाटला. आता फ्रँको नीरोचा तो इस्त्री केल्यासारखा चेहरा पाहून कुणालाही थोडा राग येतोच, आणि बोनाविया झालेल्या मार्टिन बाल्समचा थकवा पाहून माया वाटते. पण माया वाटली म्हणून कुणी बरोबर ठरत नाही.

शेवटी बोनाविया स्वतःच लोमुन्नोला गोळ्या घालतो आणि तुरुंगात मारला जातो. शाबीत काय झालं? लोमुन्नोच्या पाठीशी कोण होतं, हे सांगू शकणारा माणूसच त्यानं संपवला. आपल्याकडेही 'चकमकी'नंतर पेढे वाटले जातात. मेलेल्याला पोसणारे कोण होते, ते कुणी विचारत नाही.

म्हणून सांगतो, कागद पक्का कर. आरोपी पळेल, साक्षीदार फिरेल, साहेबांची बदली होईल. कागद पक्का कर.

लोमुन्नो काही हवेतून आलेला नाही. पालेर्मोत त्या काळात बांधकामाचे परवाने खिरापतीसारखे वाटले गेले. १९५९ मध्ये व्हिला देलिएल्लासारखी देखणी वास्तू रातोरात पाडायला घेतली. हे सगळं पिस्तुलावर नाही, सही-शिक्क्यावर चाललं होतं. मग ते उकलायचं कशानं? १९८० मध्ये पालेर्मोत माफियांचा तपास करणारे न्यायाधीश फाल्कोने यांच्याकडे स्पातोला नावाच्या बांधकाम ठेकेदाराचं प्रकरण आलं, तेव्हा त्यांनी बँकांकडून परकीय चलन बदलल्याच्या पावत्या मागवल्या आणि एकेक पावती स्वतः चाळत बसले. सहकारी हसले असतील. मलाही हसायचे.

मी चालवलेल्या एका खुनाच्या खटल्यात हत्यार जप्तीचा पंचनामा जागेवर न होता ठाण्यात बसून लिहिलेला होता. तपास अधिकारी म्हणाले, "पंचांना जरा पढवा, बाकी आम्ही बघतो." मी नाही म्हणालो. आरोपी निर्दोष सुटला. मयताचे वडील पुढे बसस्टँडवर दिसले की तोंड फिरवायचे. ते मला आजही टोचतं. बाररूममध्ये बोलणं झालं, की ह्यांना न्यायापेक्षा कागद प्यारा. असेल! खोटी साक्ष मी उभी केली असती, तर उद्या त्याच ठाण्यानं तशीच साक्ष एखाद्या निरपराध पोराविरुद्ध आणली असती आणि मला तोंड उघडायला जागा राहिली नसती. तुला हे माझं समर्थन वाटेल. वाटू दे.

तुझा एक मुद्दा मात्र बिनतोड आहे. चित्रपटातली साक्षीदार सेरेना लोमुन्नोविरुद्ध बोलायला तयार होते आणि तिचं प्रेत सिमेंटच्या खांबात गाडलं जातं. वरचा साहेबच फितूर असेल तर त्राइनीचा कागद काय कामाचा? बरोबर. एकाच टेबलावर पडलेला कागद म्हणजे साक्षीदाराची सुपारी.

याचं उत्तर पालेर्मोनंच शोधलं, पण फार मोठी किंमत मोजून. फाल्कोनेंचे वरिष्ठ, तपासी न्यायाधीशांचे प्रमुख रोक्को किन्निची यांना माफियांनी जुलै १९८३ मध्ये बॉम्बनं उडवलं. त्यांच्या जागी फ्लॉरेन्सहून आलेल्या कापोन्नेत्तोंनी तपासी न्यायाधीशांचा गटच बांधला. एकाला कळलेलं सगळ्यांना कळलं पाहिजे. म्हणजे एकाला मारून तपास मरत नाही. १९८५ च्या उन्हाळ्यात जिवाला धोका म्हणून फाल्कोने आणि याच गटातल्या बोर्सेलिनोंना सहकुटुंब आसिनारा या तुरुंगाच्या बेटावर नेलं. तिथंही ते माफियांवरच्या मोठ्या खटल्याचा कागद लिहीत होते आणि नंतर सरकारनं राहण्याखाण्याचं बिल त्यांच्याच हातात दिलं! तो दस्तऐवज आठ हजारांवर पानांचा झाला. फेब्रुवारी १९८६ मध्ये खटला उभा राहिला, पावणेपाचशे आरोपींवर. १९८७ च्या डिसेंबरात तीनशेहून अधिक जणांना शिक्षा लागली आणि जानेवारी १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुख्य निकाल कायम केला. त्याच वर्षी मे महिन्यात फाल्कोनेंना मारलं, जुलैत बोर्सेलिनोंना. शिक्षा मात्र उठल्या नाहीत.

म्हणून राजीनाम्याचा मसुदा मला दाखवू नकोस, मी वाचणार नाही. पंच फितूर झाले ना? मग तपास अधिकाऱ्याची साक्ष नीट घे, स्टेशन डायरीतली वेळ आणि मुद्देमाल रजिस्टरची नोंद जुळते का बघ, सील कुणासमोर लागलं ते विचार. वरिष्ठांशी बोललेलं लेखी ठेव, आवक क्रमांकासह. रविवारी सगळी फाईल घेऊन ये. जेवायलाच ये, काकू वाट पाहतेय.

तुझा,
सर