नवीन फीचर टाकू की आहे तेच भरू?

प्रश्न: मी एकटाच शेतीचा गेम बनवतोय. शेती, मासेमारी, खाण, दुकान सगळं चालतं, पण खेळून बघणारे मित्र तासाभरात कंटाळतात. आता मल्टिप्लेअर, म्हणजे अनेकांनी एकत्र खेळायची सोय, टाकू का?

उत्तर: अजिबात नको, निदान आत्ता तरी नको! स्टारड्यू व्हॅली हा शेतीचाच गेम बघा ना, एरिक बरोननी कोड, चित्रं, संगीत सगळं एकट्यानं केलं, चार वर्षांहून जास्त लागली आणि २०१६ मध्ये गेम आला तेव्हा त्यात मल्टिप्लेअर नव्हताच, तो २०१८ मध्ये आला. पण गावातली माणसं भरलेली होती, पाऊस पडला की वेगळं बोलतात, प्रत्येकाची आवडती भेट वेगळी, मैत्री वाढली की घरातली दुखणी कळतात. मल्टिप्लेअर म्हणजे नुसतं एक बटण नाही हो, सेव्ह, वेळ, दुकान सगळं परत लिहावं लागतं. त्यापेक्षा तुमची मासेमारीच घ्या, ऋतूप्रमाणे मासे बदलू देत, एखादा फक्त पावसात रात्रीच मिळू दे आणि नेमका तोच गावातल्या कोणाला तरी हवा असू दे. यात कोड थोडा, बराचसा डेटाच भरायचा. खाण अर्धवट वाटत असेल तर सरळ काढून ठेवा, जीवावर येईल, पण काढाच. आणि पुढच्या वेळी नवीन माणसाला खेळायला द्या, मागे गप्प उभं राहून बघा तो कुठे अडतो ते.