सारसचे फोटो आणि मदतीचे पैसे

बाबू, गोंदियाकडच्या बांध्यांतले तुझे सारसचे फोटो लोकांना जरूर दाखव, पण पहिल्याच दिवशी मदत मागू नकोस. आधी पाखराबद्दल सांग. सारस बहुधा दोनच अंडी घालतो, नर-मादी महिनाभर आळीपाळीनं उबवतात. घरटं कधी ऐन धानात असतं आणि तुडवलेल्या धानाचं नुकसान सोसतो शेतकरी. फोटोसोबत त्याचंही म्हणणं लिही. घरट्याची जागा मात्र सांगू नकोस, गावाचं नावसुद्धा नको. हौशे-गवशे गाड्या घेऊन लगेच पोचतात.

कॅलेंडर विकशील तर छपाईला किती गेले, ज्या संस्थेसाठी मदत मागतोस तिला किती दिले, हे आकड्यांत मांड. बाकी देणगी तुझ्या खात्यात नको, लोकांनी थेट संस्थेला द्यावी. ८०जी, म्हणजे देणगीदाराला करात सवलत मिळवून देणारी नोंदणी, असलेल्या संस्थेलाही रोख २,००० रुपयांच्या वर दिले तर करात सवलत मिळत नाही, हे कित्येकांना ठाऊक नसतं. वरोऱ्याच्या आनंदवनाला सगळे ओळखतात. तू गावच्या वाचनालयापासून सुरुवात कर. त्यांच्याकडे ८०जी नसेल तरी चालेल, पावती मात्र मागून घे. आणि पुस्तकं घेणाऱ्या पोरांना रांगेत उभं करून फोटो काढू नकोस, मला तरी ते बघवत नाही.