वाचकांचे प्रश्न : लख्ख उजेडातला काळोख

प्रश्न : १९९७ सालचा ‘एल. ए. कॉन्फिडेन्शियल’ हा चित्रपट मी नुकताच पाहिला. तो देखणा आहे, यात शंका नाही. परंतु ‘निओ-न्वार’ म्हणजे पाऊस, धूर आणि सावल्या अशी माझी समजूत होती आणि येथे तर जिकडेतिकडे ऊन आहे. शिवाय विषय पोलिसांतील भ्रष्टाचाराचा असूनही शेवटी सचोटीचा अधिकारीच पाठीत गोळी घालतो आणि वर पदकही मिळवतो. मग हा देखणेपणा नुसती सजावटच समजायची का? — एक वाचक, मिरज

उत्तर : आपल्या दोन्ही शंका एकाच ठिकाणी येऊन मिळतात. उत्तर देताना कथानकाचा शेवट उघड करावा लागणार आहे, तेव्हा ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी आधी तो पाहावा आणि मग पुढे वाचावे, ही विनंती.

‘न्वार’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘काळा’. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रेंच समीक्षकांनी अमेरिकेतील काही गुन्हेपटांना हे नाव दिले, तेव्हा त्यांच्या मनात केवळ प्रकाशयोजना नव्हती, त्या चित्रपटांतील माणसांच्या मनाचा काळोखही होता. त्याच धाटणीच्या पुढच्या काळातील चित्रपटांना ‘निओ-न्वार’, म्हणजे ‘नवे न्वार’, म्हणतात. जेम्स एलरॉय यांच्या १९९० च्या कादंबरीवरून हा चित्रपट करताना दिग्दर्शक कर्टिस हॅन्सन यांनी हा काळोख उन्हात आणून ठेवला. आरंभीच एका चावट मासिकाचा संपादक ऊन, रुंद समुद्रकिनारे आणि नजर पोहोचेल तेथवर पसरलेल्या संत्र्याच्या बागा असे लॉस एंजेलिसचे गोडवे गातो आणि लगेच हे शहर विकण्यासाठी रंगवलेले चित्र असल्याचेही सांगून टाकतो. पोलीस खातेही तेच करते. पोलिसांची थोरवी गाणाऱ्या दूरचित्रवाणी मालिकेचा सल्लागार असलेला पोलीस जॅक व्हिन्सेन्स त्याच संपादकाकडून पैसे घेऊन नटनट्यांना अटक करतो आणि छायाचित्रकार आधीच तयार उभा असतो. कोठडीत कैद्यांना झालेली मारहाण दिसते तीही नाताळच्या सजावटीच्या दिवसांत. तिचा आधार असलेली घटना २५ डिसेंबर १९५१ रोजी लॉस एंजेलिसमध्ये खरोखरच घडली होती आणि तीत सात तरुणांना पोलिसांनी बेदम मारले होते.

म्हणून येथे देखणेपणा हाच आरोपी आहे, असे मला वाटते. स्त्रियांना सिनेतारकांसारखे रूप देऊन त्यांचा बाजार मांडणाऱ्या पॅचेटचे घर आठवावे. पांढऱ्या भिंती, मोठमोठ्या काचा, डोंगरउतारावरची मोकळी हवा. वास्तुविशारद रिचर्ड नॉयट्रा यांनी १९२९ मध्ये पूर्ण केलेले हे खरे घर निसर्गोपचार करणाऱ्या एका डॉक्टरसाठी बांधलेले होते आणि ‘आरोग्यगृह’ म्हणूनच प्रसिद्ध आहे. अशी आरोग्याची वास्तू दुराचाराच्या व्यापाऱ्याला देणे ही माझ्या दृष्टीने या चित्रपटातील अत्यंत नेमकी निवड आहे. डान्टे स्पिनोटी यांच्या छायाचित्रणाबद्दलही हेच म्हणता येईल, कारण जुन्या काळाची मोहक धूसरता त्यांनी जाणूनबुजून दूर ठेवली आहे.

सगळ्यात मोठा आघातही घरगुती प्रकाशातच होतो. वडिलांचा खून करून निसटलेल्या अज्ञात माणसाला एड एक्स्लीने, म्हणजे आपण म्हणता त्या सचोटीच्या अधिकाऱ्याने, मनाशीच ‘रोलो टोमासी’ हे नाव दिलेले असते आणि ते तो फक्त जॅकला सांगतो. पुढे त्यांचा वरिष्ठ, पोलीस कॅप्टन डडली स्मिथ, स्वतःच्या स्वयंपाकघरात, बोलता बोलता, जॅकच्या छातीत गोळी घालतो. मरता मरता जॅक तेवढे एकच नाव उच्चारतो आणि हसतो. डडलीला तो धागा वाटतो, म्हणून तो एक्स्लीकडेच त्या नावाची चौकशी करतो आणि त्या क्षणी पकडला जातो. न पाठलाग, न पुरावा. कल्पनेतले एक नाव खुन्याच्या तोंडी येते आणि सारे उलगडते. पटकथालेखनाचा असा नमुना विरळाच. ब्रायन हेल्गलँड आणि हॅन्सन यांना या रूपांतरासाठी ऑस्कर मिळाले, ते सर्वस्वी योग्य होते.

आता पाठीतल्या गोळीविषयी. सुरुवातीला डडली एक्स्लीला विचारतो, की अपराधी असल्याची खात्री असलेल्या माणसाविरुद्ध तू खोटा पुरावा पेरशील का, त्याला मारून कबुली घेशील का, कोर्टातून सुटेल अशा गुन्हेगाराला पाठीमागून गोळी घालशील का. एक्स्ली प्रत्येक वेळी ‘नाही’ म्हणतो. शेवटी तो डडलीलाच पाठीमागून गोळी घालतो, म्हणजे गुरूच्याच परीक्षेत, गुरूवरच, उत्तीर्ण होतो. खात्याला डडली हुतात्मा म्हणून हवा असतो. त्यासाठी आणखी एका वीराची गरज आहे हे ओळखून एक्स्ली आपल्या मौनाची किंमत पदकाच्या रूपात वसूल करतो. चित्रपट या सौद्याचा गौरव करतो, असे मला वाटत नाही. शेवटचे दृश्य पुन्हा एकदा पाहावे. पॅचेटकडच्या स्त्रियांपैकी एक असलेली लिन आणि तिच्यावर प्रेम करणारा जखमी पोलीस बड व्हाइट मोटारीतून शहर सोडून निघतात, बडला बोलताही येत नाही आणि नवे पदक मिळवलेला एक्स्ली भर उन्हात, ज्या शहराने त्याला विकत घेतले तेथेच, एकटा मागे उभा राहतो.