आल्फा कण कागदानंही अडतात, मग त्यांच्यावर एवढं संशोधन कशासाठी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आल्फा कण साध्या कागदानं अडतात असं पुस्तकात वाचलं, ऑनलाइन मागवलेल्या गायगर काउंटरला, म्हणजे किरणोत्सार मोजणाऱ्या उपकरणाला, ते दिसतही नाहीत, मग त्यांची एवढी भीती कसली? ते मोजतात कसे, वापरतात कुठे? आणि एम.एस्सी. केमिस्ट्री करणाऱ्याला या विषयात काही काम आहे का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. आहे, आणि फिजिक्सवाल्यांपेक्षा कांकणभर जास्तच आहे. मी काही वर्षं रेडिओकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये आल्फा मोजण्याचंच काम केलंय, त्यामुळे हे मत थोडं घरचं समजा.

कागदाचं म्हणाल तर ते खरंच आहे. आल्फा कण म्हणजे हेलियमचं केंद्रक, दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन. बाहेर पडताना त्याच्याकडे साधारण ४ ते ९ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे एमईव्ही, इतकी ऊर्जा असते. पण जड आणि दुहेरी धनभारित असल्यामुळे वाटेतल्या प्रत्येक अणूशी झटापट करत तो जातो. हवेत चार-पाच सेंटीमीटरमध्ये आणि शरीराच्या पेशींत ५० ते १०० मायक्रोमीटरमध्ये त्याचा प्रवास संपतो. त्वचेवरचा मृत पेशींचा थर त्याला पुरून उरतो. मात्र ‘अडतो’ याचा अर्थ सगळी ऊर्जा तिथल्या तिथे टाकतो. आल्फा सोडणारं मूलद्रव्य श्वासातून फुप्फुसात गेलं किंवा रक्तातून हाडाच्या पृष्ठभागावर बसलं, तर तिथे मृत थर नसतो. चार-पाच पेशींच्या टप्प्यात सगळी ऊर्जा ओतली जाते, डीएनएचे दोन्ही धागे तुटतात आणि अशी तुटफूट पेशीला नीट सांधता येत नाही. म्हणून मात्रेचा हिशेब करताना तेवढ्याच ऊर्जेच्या गॅमापेक्षा आल्फाला २० पट वजन देतात.

याचं सगळ्यात भयानक उदाहरण २००६ मधलं, लंडनचं. अलेक्झांडर लिट्विनेन्को या माजी रशियन गुप्तचर अधिकाऱ्याला चहातून पोलोनियम-२१० पाजलं गेलं. १ नोव्हेंबरला ते आजारी पडले आणि २३ नोव्हेंबरला गेले. आधी संशय थॅलियम या विषाचा होता. केस गळत होते, अस्थिमज्जा निकामी होत होती, म्हणजे लक्षणं किरणोत्साराला जुळणारी, पण अंगाजवळ धरलेलं उपकरण गप्प, कारण आल्फा शरीराबाहेर येतच नाहीत. पोलोनियम-२१० च्या लाखभर विघटनांत कुठे एखादा गॅमा किरण निघतो, ८०३ केईव्हीचा, म्हणजे ८०३ हजार इलेक्ट्रॉन व्होल्टचा. लघवीच्या नमुन्यात त्या गॅमाची बारीकशी खूण दिसली, तेव्हा धागा हाती लागला. एक मायक्रोग्रॅम पोलोनियम-२१० सेकंदाला सुमारे साडेसोळा कोटी आल्फा कण सोडतं. एवढं सगळं चालू असून बाहेर पत्ता नाही, आल्फा मोजण्यातली मेख हीच.

आता तुमच्या काउंटरकडे येऊ. स्वस्त काउंटरमधली नळी बहुधा धातूची किंवा जाड काचेची असते, आल्फा तिच्या आत शिरणारच नाही. अभ्रकाची पातळ खिडकी असलेली नळी घेतली तर मोजता येतात, तेही उगमाला जवळजवळ टेकवून. पण त्यातून कळतं ते फक्त किती आले हे. कोणाचे आले ते कळत नाही. ते कळायला प्रत्येक कणाची ऊर्जा मोजावी लागते, कारण प्रत्येक समस्थानिकाची ऊर्जा ठरलेली असते. पोलोनियम-२१० ची ५.३०, प्लुटोनियम-२३९ ची ५.१६, अमेरिशियम-२४१ ची ५.४९ एमईव्ही.

यासाठी सिलिकॉनचा डिटेक्टर वापरतात. तो एका छोट्या निर्वात कक्षात असतो, कारण एक सेंटीमीटर हवासुद्धा कणाची जवळपास १ एमईव्ही ऊर्जा खाते. डिटेक्टर विकत मिळतो, व्हॅक्यूम पंप विकत मिळतो. पण हवा जे करते तेच खुद्द नमुनाही करतो. नमुन्याचा थर जाड असला, तर खालच्या अणूंतून निघालेले कण वरच्या थरातून येताना दमतात आणि स्पेक्ट्रममधल्या, म्हणजे ऊर्जेच्या आलेखातल्या, टोकदार शिखराला कमी ऊर्जेकडे लांब शेपूट फुटतं. शेजारच्या समस्थानिकाचं शिखर त्या शेपटात बुडतं. म्हणून नमुना इतका पातळ हवा की डोळ्याला दिसताच कामा नये. तो तसा करणं हे केमिस्टचं काम.

प्लुटोनियम हाताळणाऱ्या कामगाराची तपासणी कशी होते ते सांगतो, म्हणजे अंदाज येईल. त्याची २४ तासांची लघवी घेतात. सुरुवातीलाच तिच्यात मोजूनमापून प्लुटोनियम-२४२ घालतात, हा ट्रेसर. पुढच्या खटाटोपात जितका ट्रेसर वाया जाईल, तितकंच खरं प्लुटोनियमही वाया गेलं असं धरता येतं. २४२ च निवडण्यामागे आणखी एक हुशारी आहे. त्याची ऊर्जा ४.९० एमईव्ही, म्हणजे २३९ च्या खाली, त्यामुळे त्याचं शेपूट आपल्याला हव्या असलेल्या शिखराखाली येत नाही. मग कॅल्शियम फॉस्फेटचा साका पाडतात, त्याच्याबरोबर प्लुटोनियम खाली बसतं. तो साका ८ मोलर नायट्रिक आम्लात विरघळवून, सोडियम नायट्राइटनं प्लुटोनियम +४ या ऑक्सिडेशन अवस्थेत आणून रेझिनच्या, म्हणजे आयन धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांच्या, कॉलमवर सोडतात. या अवस्थेत ते नायट्रेटशी जुळून ऋणभारित होतं आणि रेझिनला धरून राहतं, अमेरिशियम मात्र खाली निघून जातं. नंतर +३ वर आणलं की प्लुटोनियमही सुटतं.

हे वेगळं करणं हौसेपोटी नाही. प्लुटोनियम-२३८ ची ऊर्जा ५.५० आणि अमेरिशियम-२४१ ची ५.४९. कोणताही नेहमीचा डिटेक्टर त्यांना वेगळं ओळखणार नाही, कॉलमच ओळखतो. प्लुटोनियम-२३९ आणि २४० यांच्यात तर ऊर्जेचाही फरक नाही म्हणावा इतका आणि रसायन तर एकच. तिथे हात टेकून अहवालात ‘२३९+२४०’ असं एकत्रच लिहितात, नाहीतर अणूंना वस्तुमानावरून वेगळं करणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरकडे जातात.

शेवटची पायरी माझी आवडती. आरशासारखी घासलेली स्टेनलेस स्टीलची चकती, आम्ही तिला प्लँचेट म्हणायचो, विद्युतघटाच्या तळाशी बसवायची, वरून प्लॅटिनमची तार सोडायची आणि अमोनियम सल्फेटच्या द्रावणातून वीज जाऊ द्यायची. भांड्याला कल्हई चढते तसा प्लुटोनियमचा थर चकतीवर चढतो, फक्त तो दिसत नाही. वीज बंद करण्याच्या मिनिटभर आधी अमोनिया घालायचा. हे विसरलं की वीज थांबताच आम्लात थर परत विरघळतो आणि दोन-तीन दिवसांची मेहनत पाण्यात. चकतीवर इंद्रधनुष्यासारखी छटा दिसली, तर लोखंड किंवा असलंच काहीतरी बरोबर आलंय समजायचं आणि पुन्हा कॉलम लावायचा. मग चकती निर्वात कक्षात ठेवून एक-दोन दिवस मोजत बसायचं. निरोगी, स्वच्छ नमुन्यात २३९ च्या जागी दिवसभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके कण येतात, आणि तेवढ्यावरून माणूस कामावर सुरक्षित आहे की नाही ते ठरतं.

१९०८ च्या सुमारास मँचेस्टरला रदरफर्ड आणि गायगर हीच मोजणी अंधाऱ्या खोलीत बसून, झिंक सल्फाइडच्या पडद्यावर चमकणारे ठिपके डोळ्यांनी मोजत करत होते. गंमत म्हणजे झिंक सल्फाइड अजून निवृत्त झालेलं नाही. लॅबमधून बाहेर पडताना हात-पाय तपासणाऱ्या यंत्रात बऱ्याचदा तेच असतं, डोळ्यांच्या जागी फोटोमल्टिप्लायर, म्हणजे अंधुक प्रकाश टिपणारी नळी, आलाय इतकंच. घरातला रेडॉन हा किरणोत्सारी वायू मोजायला तर विजेचीही गरज नाही. एलआर-११५ नावाची लालसर फिल्म दोन-तीन महिने टांगून ठेवायची, गरम कॉस्टिक सोड्यात धुवायची आणि आल्फानं पाडलेली भोकं मायक्रोस्कोपखाली मोजायची.

‘संशोधन कशासाठी’ याचं एक उत्तर निव्वळ कुतूहल हेही आहे. थोरियम-२३२ चा आल्फा ४ एमईव्हीचा आणि अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू फुटायला लागणारा काळ, १,४०० कोटी वर्षं. पोलोनियम-२१२ चा आल्फा ८.८ एमईव्हीचा आणि अर्धायुष्य ०.३ मायक्रोसेकंद. ऊर्जा दुपटीच्या थोडी वर, आणि आयुष्यातला फरक एकावर चोवीस शून्यं! हा संबंध गायगर आणि नटाल यांना १९११ मध्येच दिसला होता, पण उलगडा झाला १९२८ मध्ये, गॅमॉव्ह या भौतिकशास्त्रज्ञानं क्वांटम टनेलिंग मांडलं तेव्हा. कणाकडे केंद्रकाभोवतीचा ऊर्जेचा अडथळा ओलांडायला पुरेसं बळ नसतं, तरी तो पलीकडे सापडण्याची थोडी शक्यता असते, आणि ऊर्जा जराशी वाढली की ती शक्यता प्रचंड वाढते. २००३ मध्ये फ्रान्समधल्या गटानं बिस्मथ-२०९ सुद्धा आल्फा सोडतो हे दाखवलं. तोवर ते सगळ्यात जड स्थिर समस्थानिक मानलं जात होतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे १.९ × १०^१९ वर्षं, म्हणजे विश्वाच्या आजच्या वयाच्या अब्जपटीहून जास्त. इतकी दुर्मीळ घटना पकडायला बिस्मथ असलेलाच स्फटिक डिटेक्टर म्हणून वापरला आणि निरपेक्ष शून्याजवळ थंड केला. मला विचाराल तर मोजणीतली ही सगळ्यात देखणी कामगिरी.

उपयोगांपैकी स्मोक डिटेक्टर तुम्हाला माहीत असेल. त्यातल्या एका प्रकारात अमेरिशियम-२४१ चा कण असतो, मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी. आल्फामुळे हवेतून बारीकसा प्रवाह वाहतो, धुरानं तो घटला की भोंगा वाजतो. व्हॉयेजर ही अवकाशयानं १९७७ पासून प्लुटोनियम-२३८ च्या उष्णतेवर वीज मिळवतायत. आणि आपल्या चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरवर अहमदाबादच्या पीआरएलनं (फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी) बनवलेलं एपीएक्सएस (आल्फा पार्टिकल एक्स-रे स्पेक्ट्रोमीटर) हे उपकरण होतं. त्यात क्युरियम-२४४ चे आल्फा आणि क्ष-किरण चंद्राच्या मातीवर सोडायचे आणि मातीतून उलट येणारे क्ष-किरण वाचून कोणती मूलद्रव्यं आहेत ते ओळखायचं. ऑगस्ट-सप्टेंबर २०२३ मध्ये १०३ मीटरच्या वाटेवर अशी २३ ठिकाणं तपासली गेली. हवा नसलेल्या जागी आल्फाला काय हवं, निर्वात कक्ष फुकटात!

पण सध्या खरी गर्दी आहे ती कर्करोगाच्या उपचारात, आणि तिथे आल्फाचा तोच आखूड पल्ला गुण ठरतो. गाठीपर्यंत पोचवलेला आल्फा गाठच मारतो, शेजारच्या निरोगी पेशींना फारसा धक्का लावत नाही. रेडियम-२२३ ला अमेरिकेत २०१३ मध्ये मान्यता मिळाली. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडात नेतं, म्हणून प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरलेल्या रुग्णांना ते देतात. मुख्य चाचणीत रुग्ण किती काळ जगले याचा मध्य ११.३ वरून १४.९ महिन्यांवर गेला. आकडा बेताचाच, पण त्या टप्प्यावरच्या रुग्णासाठी साडेतीन महिने थोडे नसतात.

ॲक्टिनियम-२२५ वर त्याहून जास्त आशा आहे. अर्धायुष्य दहा दिवसांच्या आत-बाहेर, आणि साखळीत एकामागून एक चार आल्फा. शेवट कुठे होतो माहीत आहे? त्याच बिस्मथ-२०९ वर. ॲक्टिनियम गाठीला चिकटणाऱ्या रेणूला बांधून देतात, दिल्लीच्या एम्समध्येही असे उपचार झाले आहेत. अडचणी दोन. एक, आल्फा सुटताना केंद्रकाला जो उलटा धक्का बसतो तो रासायनिक बंधापेक्षा हजारो पट जोरकस असतो. त्यामुळे पुढचं अपत्य-केंद्रक रेणूतून सुटून भटकतं आणि साखळीतलं बिस्मथ-२१३ मूत्रपिंडात जाऊन बसतं. लाळग्रंथींवरही परिणाम होतो, काही रुग्णांचं तोंड कायमचं कोरडं पडतं. दोन, मालच तुटपुंजा. आजवरचं बहुतेक ॲक्टिनियम जुन्या युरेनियम-२३३ च्या साठ्यात तयार झालेल्या थोरियम-२२९ मधून काढलेलं आहे. युरेनियम-२३३ थोरियमपासून बनतं, आणि केरळच्या वाळूत थोरियमची रेलचेल असलेल्या देशात या विषयावर आणखी बोललं जायला हवं असं मला वाटतं.

या दोन्ही अडचणी केमिस्टच्या आहेत हे तुमच्या लक्षात आलं असेलच. भटक्या केंद्रकाला धरून ठेवणारा पिंजरा-रेणू बनवणं काय, आणि थोरियममधून ॲक्टिनियम गाळून काढणं काय. एम.एस्सी. झाल्यावर ट्रॉम्बेच्या बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) ट्रेनिंग स्कूलची ओसीईएस ही प्रवेश परीक्षा बघा, त्यात केमिस्ट्रीची वेगळी शाखा असते. इन-ऑरगॅनिक पक्कं करा, विशेषतः ॲक्टिनाइड्सच्या ऑक्सिडेशन स्थिती आणि आयन-एक्स्चेंज. मुलाखतीत प्लुटोनियमच्या +४ बद्दल विचारलं, तर वर सांगितलेला कॉलम कागदावर काढून दाखवा.