सरकारी कार्यालयातला वायफळ खर्च कमी करायचा तर सुरुवात कुठून करावी?

धोरणं आपल्या हातात नाहीत, पण एका कार्यालयाच्या पातळीवर करदात्याचा पैसा कसा वाचेल, असं तुम्ही विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे: ‘दिवे बंद करा’च्या पाट्या लावण्याआधी मागच्या 12 महिन्यांची वीजबिलं काढा आणि युनिट सोडून बाकीच्या ओळी वाचा.

पहिली ओळ कॉन्ट्रॅक्ट डिमांडची, म्हणजे वीज कंपनीकडून मंजूर करून घेतलेल्या कमाल मागणीची. इमारत बांधताना कुणीतरी अंदाजाने मोठा आकडा लिहून दिलेला असतो आणि वापर कितीही कमी असला तरी त्या आकड्याच्या ठरावीक टक्क्यांवर आकारणी होत राहते. 12 महिन्यांतली सर्वांत जास्त नोंदलेली डिमांड घ्या, त्यावर साधारण 10 टक्के जास्त धरा आणि तेवढीच मंजुरी मागा. फक्त हिवाळ्यातली बिलं बघून अर्ज केला, तर उन्हाळ्यात एसी सुरू झाल्यावर मर्यादा ओलांडते आणि दंडात वाचवलेलं सगळं जातं.

दुसरी ओळ पॉवर फॅक्टरची, म्हणजे घेतलेल्या विजेतला किती वाटा प्रत्यक्ष कामाला येतो त्याची. 100 किलोवॅट भार 0.80 पॉवर फॅक्टरवर चालला तर 125 केव्हीए (डिमांड मोजायचं एकक) लागतात, 0.98 वर 102 पुरतात. एवढ्या सुधारणेसाठी सुमारे 55 केव्हीएआर क्षमतेचा कपॅसिटर (पॉवर फॅक्टर सुधारणारं उपकरण) लागतो. बहुतेक ठिकाणी पॅनेल आधीपासून बसवलेलं असतं, पण कपॅसिटर मेलेले असतात आणि पॅनेलवरचा दिवा मात्र इमानाने लागत असतो! म्हणून इलेक्ट्रिशियनकडून क्लॅम्प मीटरने प्रत्येक कपॅसिटरचा करंट मोजून घ्या. व्होल्टेज ठीक असूनही तो पट्टीवर छापलेल्या करंटपेक्षा बराच कमी असेल तर बदला. कपॅसिटर कायम जोडून ठेवायचे नाहीत. रात्री इमारत रिकामी असताना पॉवर फॅक्टर उलट्या बाजूला, म्हणजे लीडिंगला जातो आणि काही ठिकाणी त्याचाही दंड बसतो. आपोआप चालू-बंद होणारं पॅनेल हवं.

आणि हो, स्थलांतर झालेल्या शाखेचं जुनं मीटर आणि फोनलाइन अजून चालू आहे का, तेही बघा. बिल येतं, पास होतं, विचारत कुणी नाही.

पाण्याचं सोपं आहे. संध्याकाळी कार्यालय बंद करताना मीटरचा आकडा लिहा, सकाळी कुणी नळ उघडण्याआधी परत वाचा. आकडा हलला असेल आणि टाकी रात्री भरत नसेल तर गळती आहे. फ्लशच्या टाकीत थोडा खायचा रंग टाकून 20 मिनिटं थांबा. फ्लश न करता रंग भांड्यात उतरला तर आतलं रबर खराब झालंय.

वार्षिक देखभाल करारांची यादी साठा नोंदवहीशी ताडून बघा. वॉरंटीत असलेली यंत्रं आणि भंगारात गेलेली यंत्रं, दोन्ही त्या यादीत सापडतात. कराराचं नूतनीकरण करताना मागच्या वर्षीचीच यादी जोडली जाते, म्हणून हे होतं.

छपाईबद्दल थोडं सावध राहा. 2014 मध्ये अमेरिकेत एका शाळकरी मुलाने गॅरामाँड फॉन्ट वापरून सरकारची शाई वाचवायची कल्पना मांडली आणि ती खूप गाजली. पण त्याच पॉइंटला (फॉन्टच्या आकड्याला) गॅरामाँडची अक्षरं मुळात लहान असतात. शाई बरीचशी तिथेच वाचते. शिवाय प्रिंटर प्रति पान दराच्या करारावर असेल तर शाईचा खर्च कार्यालयावर पडतच नाही. दोन्ही बाजूंनी छपाई संगणकातल्या प्रिंटर सेटिंगमध्येच ठरवून ठेवा. कागद नक्की वाचेल, पण करारातला दर मात्र दोन बाजूंचा लागेल.

सगळ्यांत मोठं भोक वर्षअखेरचं. अमेरिकी संघराज्य सरकारच्या खरेदीच्या एका अभ्यासात शेवटच्या आठवड्यातला खर्च वर्षातल्या इतर आठवड्यांच्या सरासरीच्या जवळपास पाचपट निघाला, आणि त्या घाईत घेतलेल्या आयटी प्रकल्पांचा दर्जाही कमी होता. निधी पुढच्या वर्षात नेऊ देणं हा खरा उपाय, पण तो कार्यालयाच्या हातात नसतो. हातात असतं ते एवढंच: गरजेच्या वस्तूंची क्रमवार यादी आणि तांत्रिक तपशील वर्ष संपायच्या चार महिने आधी तयार ठेवणं, आणि शेवटच्या महिन्यात टोनर-कागद सहा महिन्यांच्या प्रत्यक्ष खपापेक्षा जास्त न घेणं. उरलेला निधी मुदतीआधी परत करताना कारण लेखी नोंदवा, नाहीतर पुढच्या वर्षी ‘यांना लागत नाही’ म्हणून तरतूद कापली जाते.